हाइंकेल ११३ : नसलेल्या विमानाशी झुंज

१९४० साली ब्रिटनच्या आकाशात हवाई युद्ध पेटलं होतं. त्यातून परतणारे काही ब्रिटिश वैमानिक अहवालात 'हाइंकेल ११३' या नव्या जर्मन लढाऊ विमानाशी गाठ पडल्याचं नोंदवत होते. शत्रूची विमानं ओळखायच्या तक्त्यांतही त्याचं चित्र होतं. प्रत्यक्षात या नावाचं लढाऊ विमान जर्मन हवाई दलात नव्हतंच.

त्या चित्रातलं विमान मात्र खरं होतं आणि अफाट होतं. ते होतं हाइंकेल १००. त्याच्या खास तयार केलेल्या नमुन्यातून हान्स डीटर्ले याने ३० मार्च १९३९ रोजी ताशी ७४६.६ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला.

त्या वेगाचं एक रहस्य इंजिन थंड ठेवण्याच्या पद्धतीत होतं. नेहमीचा रेडिएटर वाऱ्यात आडवा येतो आणि वेग खातो. म्हणून अभियंत्यांनी पाणी दाबाखाली ठेवलं. कुकरमधल्यासारखं ते शंभर अंश ओलांडूनही द्रवच राहायचं. इंजिनाबाहेर दाब उतरला की त्यातल्या काही पाण्याची वाफ व्हायची. ती पंखांच्या पत्र्याखाली जाऊन थंड व्हायची, आणि तिचं पाणी छोटे पंप परत इंजिनाकडे ढकलायचे. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तेवढंच पाणी एक अंशाने तापवायला जेमतेम ४.२ किलोज्यूल लागतात. हिशेब बिनतोड होता. पण लढाईत पंखाला गोळी लागली, तर शीतकरणच निकामी होण्याचा धोका! शेवटच्या मालिकेत मग पोटाखाली आत-बाहेर होणारा रेडिएटर आला.

तरीही सरकारने ते हवाई दलासाठी घेतलं नाही. लढाऊ विमान म्हणून मेसरश्मिट १०९ आधीच ठरलं होतं, आणि दोघांनाही डाइम्लर-बेंझचं तेच इंजिन हवं होतं. उरलेली डझनभर विमानं गोबेल्सच्या प्रचारखात्याच्या कामी आली. त्यांच्यावर खोटी पथकचिन्हं रंगवायची, फोटो काढायचे, रंग बदलायचा, पुन्हा फोटो! पाहणाऱ्याला वाटावं, पथकंच्या पथकं सज्ज आहेत.

मग वैमानिकांनी पाहिलं काय? बहुधा मेसरश्मिट १०९च. प्रत्येकी ताशी ५०० किलोमीटरने समोरासमोर येणारी दोन विमानं एक किलोमीटरचं अंतर चार सेकंदांच्या आत संपवतात. एवढ्या वेळात दिसतो तो नुसता आकार. उरलेले तपशील मेंदू आधीच्या माहितीतून भरतो, आणि ती माहिती तर तक्त्यावर छापलेली होती. मी त्या वैमानिकांना भोळं म्हणणार नाही. जीव मुठीत धरून लढणाऱ्या कुणाचीही नजर अशीच फसली असती.

खऱ्या हाइंकेल १००ची दखल परदेशांनी घेतली होती. सोव्हिएत संघाने सहा आणि जपानने तीन विमानं विकत घेऊन अभ्यासली. पंखांतून वाफ खेळवणाऱ्या त्या अभियंत्यांचं काम अशा बनावट नावाखाली गाजावं, याची मला खरोखर चीड येते.