झडप दोनदा उघडते

आईचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चालला होता तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होते. काळ्या-करड्या भुरभुरीत एक पातळ पांढरी रेघ सारखी हलत होती. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली ही झडप, मायट्रल, असं डॉक्टरांनी सांगितलं. थोड्या वेळाने लक्षात आलं की ती प्रत्येक ठोक्याला दोनदा उघडतेय. आधी झटकन आणि मोठी, मग अर्धवट मिटून पुन्हा थोडीशी.

आदल्याच आठवड्यात मुलीच्या अभ्यासासाठी आम्ही हृदयाचे तीन-चार व्हिडिओ पाहिले होते. त्यांत सगळं सुटसुटीत होतं: वरचे कप्पे आकुंचन पावतात, रक्त खाली येतं, मग खालचे कप्पे ते बाहेर ढकलतात. झडप एकदाच उघडायची.

खरं हृदय असं चालत नाही. खालचा कप्पा सैल पडला की त्याच्यातला दाब वरच्या कप्प्यापेक्षा कमी होतो, आणि तेवढ्यानेच झडप उघडते. तिला ओढून उघडणारा स्नायू नसतो. वर साठलेलं रक्त लोंढ्यासारखं खाली येतं. विश्रांतीत असलेल्या निरोगी माणसात खालचा कप्पा साधारण तीन चतुर्थांश असाच भरतो. वरच्या कप्प्याचं आकुंचन उरलेलं रक्त शेवटी खाली लोटतं, तेच ते दुसरं उघडणं. म्हणूनच वरच्या कप्प्यांची लय बिघडून ते नुसते थरथरत राहिले, तरी अनेक माणसं चालती-फिरती असतात. उपचार मात्र लागतात, कारण साकळलेल्या रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

म्हणजे व्हिडिओ वाईट का? मुळीच नाही. हृदय समजून घ्यायचं तर ते हलताना पाहावंच लागतं. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 साली रक्ताभिसरणावरचं आपलं पुस्तक छापलं, त्यात त्याने आपली अडचण मोकळेपणाने लिहिली आहे. प्राण्याचं हृदय उघडं करून पाहिलं तरी हालचाल विजेसारखी होऊन जायची. आकुंचन कुठलं आणि प्रसरण कुठलं हेच कळेना, इतकं की ही गती फक्त देवालाच कळत असेल असं त्याला वाटू लागलं. मग तो बेडूक, साप, मासे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांकडे आणि मरणासन्न प्राण्यांच्या मंदावत चाललेल्या हृदयांकडे वळला. तिथे त्याला दिसलं की हृदय काम करतं ते आवळताना. हार्वेला ज्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, तो वेग कमी करणं आज माझ्या मुलीच्या अंगठ्याखाली आहे. याचं मला फार अप्रूप वाटतं.

शांत बसलेल्या माणसाचा एक ठोका जेमतेम 0.8 सेकंदाचा. त्यातले 0.3 सेकंद आवळण्याचे, 0.5 सैल पडण्याचे. एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडतं, म्हणजे मिनिटाला पाच लिटर.

जपायचं ते रंगांच्या बाबतीत. आकृतीतलं निळं रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. इकोच्या पडद्यावरही डॉक्टर रंग चालू करतात, आणि तिथेही लाल-निळंच दिसतं. पण त्याचा शुद्ध-अशुद्ध रक्ताशी काही संबंध नाही. छातीवर टेकवलेल्या यंत्राकडे येणारा प्रवाह लाल, दूर जाणारा निळा, एवढाच अर्थ. मी स्वतः आईच्या पडद्यावर निळं पाहून क्षणभर घाबरले होते.

म्हणून माझं सांगणं असं: ॲनिमेशननंतर खऱ्या इकोची एखादी चित्रफीत पाहा, आणि जमलं तर हृदय हातात घेऊन पाहा. आम्ही मटणाच्या दुकानातून बोकडाचं हृदय आणलं, न चिरता द्या असं सांगून. पहिली गोष्ट जाणवली ती भिंतींची जाडी. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा कितीतरी जाड, बोटाने दाबली तरी दबत नाही. कारण त्याला रक्त सगळ्या अंगभर पाठवायचं असतं, उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांत. व्हिडिओत हे दिसतं, हाताला लागत नाही.

मग मुलीने महाधमनीच्या, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यातून निघणाऱ्या मोठ्या नळीच्या, तोंडातून हळूच पाणी ओतलं. तळाशी सदऱ्याच्या खिशांसारखे तीन पातळ पडदे होते. पाणी भरताच ते फुगले, एकमेकांना भिडले, वाट बंद झाली. लब-डब मधला ‘डब’ येतो तो अशा झडपा मिटताना. पाणी वर थांबलं खरं, पण पातळी हळूहळू उतरत होती. झडप गळते की काय, म्हणून तिने वाकून पाहिलं. फुगलेल्या खिशांच्या मागे, धमनीच्या भिंतीत, दोन बारीक भोकं होती. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची ती तोंडं. डाव्या बाजूच्या जाड स्नायूला बरंचसं रक्त याच वेळी मिळतं, झडप मिटलेली आणि हृदय सैल पडलेलं असताना.