जंतुनाशक कपडे आणि अंगावरचे जिवाणू : पार्श्वभूमी

पुण्यात आषाढ-श्रावणात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि इस्त्री फिरवली तरी त्यांचा कुबट वास जात नाही. या वासामागे मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूचा मोठा हात असल्याचे जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले. अशा दिवसांत लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांतून ‘अँटीबॅक्टेरियल’ मोजे, बनियन आणि व्यायामाचे टी-शर्ट घेण्याचा मोह होणे साहजिक आहे. मात्र त्या कापडावर चढवलेले रसायन कापडाच्या रक्षणासाठी आहे की अंगाच्या, हे गिऱ्हाईक सहसा विचारत नाही. या प्रक्रियेचा इतिहास पाहिला, तर त्वचेचा विचार त्यात फार उशिरा आला असे दिसते.

सुरुवात जखमेपासून झाली. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या पट्ट्यांविषयी लिहिले, तेव्हा कापड हे केवळ औषध जखमेपर्यंत नेण्याचे साधन होते. दुसऱ्या महायुद्धात प्रश्न बदलला. पॅसिफिक बेटांच्या दमट हवेत अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि इतर साहित्य कुजू लागले, आणि कापड खाणाऱ्या बुरशींचा शोध घेऊन त्यांना रोखणे हा लष्करी संशोधनाचा विषय झाला. सॉलोमन बेटांवर सापडलेली ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी त्याच शोधातली. गंमत अशी की तिच्यापासून मिळणारी विकरे (एन्झाइम) पुढे जीन्सचे कापड मऊ आणि फिकट करण्यासाठी वापरली जाऊ लागली. तंबूंचा शत्रू वस्त्रोद्योगातच कामाला लागला.

शांततेच्या काळात तंबूंची जागा पायमोज्यांनी घेतली आणि कुजण्याची जागा वासाने. १९७० नंतर रुग्णालयांतील साबणात आलेले ट्रायक्लोसान हे जंतुनाशक हळूहळू घरगुती वस्तूंत आणि कपड्यांतही उतरले. ते जिवाणूंवर सरसकट आघात करते, त्यामुळे त्याला प्रतिरोध निर्माण होणार नाही, अशी समजूत होती. १९९८ मध्ये अमेरिकेतील स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जिवाणूंच्या एका ठरावीक विकरावर काम करते, आणि त्या विकरात बदल झाला की निष्प्रभ ठरते, हे दाखवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ घटकांना हात आणि अंग धुण्याच्या घरगुती जंतुनाशक साबणांतून वगळले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयोगी असल्याचे उत्पादकांना सिद्ध करता आले नव्हते. हा निर्णय साबणांपुरता होता. कपडे त्याच्या कक्षेत नव्हते.

दरम्यान चांदी पुढे आली. चांदीचे आयन (विद्युतभारित कण) जिवाणूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटून त्यांचे कार्य बंद पाडतात, आणि कण जितके सूक्ष्म तितका आयन सुटण्यास वाव अधिक. या विषयात पुण्याचा वाटा मोठा आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली सास्त्री यांच्या गटाने २००१ मध्ये बुरशीच्या साहाय्याने चांदीचे नॅनोकण तयार करून दाखवले, आणि आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर व सहकाऱ्यांनी अशा कणांपासून त्वचेवर लावण्याची जंतुरोधी जेल विकसित केली. अर्थात भाजलेल्या जखमेवर चांदी लावणे आणि निरोगी माणसाने चांदीचा बनियन दिवसभर घालणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. शिवाय चांदीलाही दाद न देणारे जिवाणू बोस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांत १९७५ सालीच आढळले होते.

त्वचेकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती त्यानंतर. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो; काखेतील कोरिनेबॅक्टेरियम आणि काही स्टॅफिलोकॉकस जिवाणू त्यातील घटक फोडतात तेव्हा वास येतो. पण याच वस्तीतले काही जिवाणू स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या उपद्रवी शेजाऱ्याला मारणारी द्रव्येही स्रवतात. २००९ मध्ये दहा निरोगी व्यक्तींच्या त्वचेवरील २० जागा तपासल्यावर काख, कोपर आणि कपाळ यांची जिवाणूवस्ती अगदी वेगवेगळी निघाली. भारतीय एकत्र कुटुंबांतील माणसांचे आतडे, तोंड आणि त्वचा यांवरील सूक्ष्मजीवांचा वयाशी असलेला संबंध पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडला.

मग कपड्याने या वस्तीचे काय होते? सर्वांत थेट प्रयोग जर्मनीत झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ६० जणांना असे अंगालगत बसणारे टी-शर्ट दिले की त्यांची एक बाजू चांदीयुक्त आणि दुसरी साधी होती, आणि सहा आठवडे दर आठवड्याला खांद्याच्या फऱ्यावरील जिवाणू तपासले. चांदीच्या एका कापडाने अल्पकाळ थोडी गडबड केली. एरवी दोन्ही बाजूंच्या वस्तीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण तो निरोगी पाठीपुरता आहे. काख, पाऊल किंवा इसबाची त्वचा यांना तो तसाच लावता येणार नाही. इसबाबाबत तर अशा कपड्यांचा फायदाच होईल, अशी उलट आशा होती. २०१७ मध्ये ब्रिटनमधील ३०० मुलांवर झालेल्या चाचणीत खास रेशमी कपड्यांनी, ज्यांतील काहींवर जंतुरोधी प्रक्रिया होती, नेहमीच्या उपचारांवर उल्लेखनीय भर घातली नाही.

वासाच्या बाबतीतही मूळ कापडाचा वाटा दुर्लक्षिता येत नाही. बेल्जियममध्ये २०१४ साली २६ जणांनी व्यायामानंतर दिलेले शर्ट हुंगून तपासले, तेव्हा पॉलिएस्टरचा वास सुतीपेक्षा उग्र ठरला. मायक्रोकॉकस जिवाणू पॉलिएस्टरवर विशेष फोफावले होते.

राहिला वेष्टनावरचा ‘९९.९ टक्के’ हा आकडा. तो प्रयोगशाळेत कापडाच्या तुकड्यावर ठरावीक जिवाणू सोडून, बहुधा १८ ते २४ तासांनी मोजला जातो. त्यात घामातले क्षार नसतात आणि माणसाची त्वचाही नसते. त्यानंतर धुणे आहेच. २००८ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात नॅनोचांदीचे मोजे पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काहींतील जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली. पुण्यातल्या मोरीतले असे पाणी शेवटी मुळा-मुठेच्या वाटेला लागते. युरोपात सप्टेंबर २०१३ पासून असा गुण मिरवणाऱ्या कपड्यावर त्यातील जंतुनाशक द्रव्याचे नाव छापावे लागते. हे टिपण लिहिताना माझ्यासमोर असलेल्या मोज्यांच्या वेष्टनावर ९९.९ हा आकडा ठळक आहे. द्रव्याचे नाव मात्र कुठेच नाही.