हेतुपरीक्षण, ख्रिस्ती

आपण प्रार्थना का करतो, उपवास कोणासाठी धरतो, श्रद्धेला कशाच्या आशेने चिकटून आहोत, याची ईश्वरासमोर केलेली तपासणी. पापनिवेदनापूर्वी, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली देण्यापूर्वी, केल्या जाणाऱ्या सदसद्विवेक-परीक्षणाशी तिचे जवळचे नाते असून प्रार्थनापुस्तकांत दोन्ही बहुधा एकत्रच येतात. मात्र तेथे ‘काय घडले’ हे विचारले जाते, तर येथे ‘कशासाठी घडले’ हे. चांगल्या कृतीचीही झडती घेतली जाते, हे या साधनेचे वैशिष्ट्य.

बायबलमधील आधार विखुरलेले आहेत. लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, प्रार्थना दार लावून एकांतात करा, असे येशूने सांगितले (मत्तय 6). मागूनही मिळत नाही, कारण स्वतःच्या चैनीसाठी मागता, असे याकोबाचे पत्र बजावते (4:3). स्तोत्र 139 च्या शेवटी भक्त आपली झडती स्वतः घेत नाही, ती देवाने घ्यावी अशी विनवणी करतो. हा फरक पुढील सर्व परंपरेला महत्त्वाचा ठरला. प्रेषित पौलाने प्रभुभोजनापूर्वी (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीपूर्वी) स्वतःला पारखण्याची आज्ञा दिली (1 करिंथ 11:28). तेथील ग्रीक क्रियापद ‘दोकिमाझेइन’ म्हणजे कस लावणे.

या साधनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पायथागोरसच्या नावावर चालणाऱ्या ‘सुवर्णवचनां’त झोपण्यापूर्वी दिवसाची तीनदा उजळणी करण्याचा उपदेश आहे, पण या वचनांचा काळ अनिश्चित असून काही अभ्यासक ती ख्रिस्तपूर्व मानतात, तर काही बरीच उत्तरकालीन. रोमन तत्त्वज्ञ सेनेका (मृ. इ. स. 65) रात्री दिवा दूर नेल्यावर दिवसभराच्या वागण्याचा स्वतःशी जाब घेत असे आणि ही सवय त्याने सेक्स्टियस या तत्त्वज्ञाकडून उचलली होती. प्येर आदो या फ्रेंच अभ्यासकाने ख्रिस्ती साधनांना प्राचीन तत्त्वज्ञांच्या अशा मनोव्यायामांचा वारसा जोडला आहे. बाह्य पद्धतीपुरते हे पटण्याजोगे आहे. सेनेकाच्या वर्णनात मात्र फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश तोच एक असतो. स्तोत्रकर्त्याच्या विनवणीला तेथे जागा नाही.

म्हणून ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांचा धागा अधिक निकटचा मानावा लागतो. चौथ्या शतकाच्या मध्यास बिशप अथनेशियसने लिहिलेल्या, अँटनी या तपस्व्याच्या चरित्रात, जणू दुसऱ्याला वाचून दाखवायच्या आहेत अशा रीतीने मनातील हालचाली लिहून काढाव्यात, असा सल्ला आढळतो. इव्हाग्रियस (सु. 345–399) याने मनाला घेरणारे आठ विचार वर्गीकृत केले. त्यांत ‘केनोदोक्सिया’ म्हणजे पोकळ कीर्तीची हाव आहे, आणि ती तप वाढत जाते तशी तपावरच पोसली जाते.

ही शिकवण लॅटिन जगात पोहोचवणारा जॉन कॅसियन (सु. 360–435) मोशे या मठाधीशाच्या तोंडी सराफाचा दृष्टांत घालतो. ‘निष्णात सराफ व्हा’ हे वचन चारही शुभवर्तमानांत नाही. तरी अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, ऑरिजेन आदींना ते परिचित होते. काहींच्या मते ते येशूचे हरवलेले वचन असावे, तर काहींना 1 थेस्सलनी 5:21 मधील ‘सर्व पारखा’ या आज्ञेशी त्याचा संबंध दिसतो. सराफाच्या वचनातील ‘दोकिमोस’ (कसाला उतरलेला) हा शब्द आणि ‘पारखा’ हे क्रियापद एकाच मुळाचे असल्याने दुसरे मत दुर्लक्षिता येत नाही. कॅसियनच्या मते विचार ईश्वराकडून, सैतानाकडून किंवा स्वतःकडून येतो आणि नाणे चार प्रकारे खोटे निघते : धातूच सोने नसतो, सोने खरे पण छाप बनावट, म्हणजे शास्त्रवचनाचा विपरीत अर्थ, टांकसाळच अनधिकृत, जसे अतिरेकी उपवासाची पुण्यरूप भासणारी ऊर्मी, आणि चौथे, अहंतेच्या गंजाने वजनात उणे भरलेले नाणे. शेवटच्या दोन प्रकारांत हेतुपरीक्षणाचे सारे मर्म आले आहे, कारण तेथे कृती निर्दोष दिसते.

इ. स. 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने वार्षिक पापनिवेदन अनिवार्य केले. त्यानंतर पापांच्या याद्यांना महत्त्व येऊन हेतूचा प्रश्न काहीसा मागे पडला.

येशूसंघ (जेझुइट) या संन्यस्त संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (1491–1556) याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला 1548 मध्ये पोप तिसरा पॉल याची मान्यता मिळाली. त्यातील सामान्य परीक्षणाच्या पाच पायऱ्या अशा : उपकारस्मरण, प्रकाशाची याचना, दिवसाचा झाडा, क्षमायाचना आणि सुधारणेचा संकल्प. आभार आधी आणि झाडा नंतर, हा क्रम मोलाचा आहे. विशेष परीक्षणात एकाच दोषाची नोंद रोज दोन रेघांवर ठिपके देऊन करतात. हेतूच्या दृष्टीने मात्र त्याच ग्रंथातील माणसांच्या तीन जोड्यांचे मनन अधिक भेदक आहे. प्रत्येक जोडीने दहा हजार डुकाट (सोन्याची नाणी) मिळवले आहेत, पण निव्वळ ईश्वरप्रेमाखातर नव्हे. पहिलीला आसक्ती सुटावी असे वाटते, पण मरेपर्यंत ती काही करत नाही. दुसरी आसक्ती सोडू पाहते, पण रक्कम ठेवून, म्हणजे देवानेच तिच्या इच्छेकडे यावे. तिसरी ठेवणे वा सोडणे दोन्ही ईश्वरेच्छेवर सोपवते. प्रार्थना करणारे बहुतेकजण दुसऱ्या जोडीत सापडतात.

या साधनेचा धोकाही इग्नेशियसने ओळखला होता. जिथेतिथे पाप दिसणाऱ्या अतिशंकी मनाविषयी त्याने वेगळी टिपणे दिली. स्वतः मान्रेसा येथे (1522–23) तो या व्याधीने आत्महत्येच्या विचारापर्यंत गेला होता. मार्टिन ल्यूथरलाही मठात असताना पापनिवेदनाने शांती लाभली नाही. पुढे, फळाची आशा मुळीच नसलेले प्रेम शक्य आहे का, यावर फेनेलाँ व बोस्युए या फ्रेंच बिशपांत वाद होऊन 1699 मध्ये पोप बारावा इनोसंट याने फेनेलाँची 23 विधाने निषिद्ध ठरवली. आशा ठेवणे हा हेतूचा मळ नव्हे, ही चर्चची भूमिका यातून स्पष्ट झाली. जॉर्ज अशेनब्रेनर या येशूसंघीयाने 1972 मध्ये दोषगणनेऐवजी अंतःप्रेरणांच्या जाणिवेवर भर देणारी मांडणी केली. आज तीच अधिक प्रचलित आहे.

फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात आल्यापासून येशूसंघीयांसोबत ही पद्धत कोकणपट्टीत आली. पापनिवेदनाला कोकणीत ‘कुमसार’ म्हणतात. प्रॉटेस्टंट परंपरेत हेतुपरीक्षणाची साधना मुख्यतः प्रभुभोजनाच्या तयारीत टिकली. पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतर (1883) काही वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे ओळखून 1907 मध्ये ते लिहून प्रसिद्ध केले.