सुई की गन? कान टोचण्याच्या वादाची पार्श्वभूमी

आल्प्समधल्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कानांच्या पाळ्या टोचून रुंद केलेल्या होत्या. टोचणं इतकं जुनं असलं, तरी टोचायचं कशाने आणि त्यावर देखरेख कोणाची, हा आजचा वाद जेमतेम पन्नास वर्षांचा आहे.

१९७० च्या दशकात दोन वाटा फुटल्या. दागिन्यांच्या काउंटरवर स्प्रिंगची गन आली. तिच्यात वेगळी सुई नसते, कर्णफुलाची दांडीच झटक्याने पाळीतून आरपार जाते आणि मागे फिरकी बसते. क्षणाचं काम, शिकायलाही फार वेळ नको. त्याच दशकात लॉस एंजेलिसमध्ये फक्त अंग टोचण्याचा व्यवसाय करणारा स्टुडिओ सुरू झाला. त्या परंपरेतून पुढे एकदाच वापरायची पोकळ, धारदार सुई रुळली. १९८० च्या दशकात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीची धास्ती पसरली आणि स्टुडिओंनी ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने अवजारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा, आग्रह धरला. त्यातली १२१ अंश सेल्सिअसची वाफ गनच्या प्लॅस्टिकला सोसत नाही. त्यामुळे गन दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये स्पिरिटने पुसली जाते, एवढंच. कर्णफूल निर्जंतुक पाकिटातून येतं हे खरं, पण ते धरणारा भाग आधीच्या कानाला लागून आलेला असतो.

खरा घोळ झाला तो कायद्यात. इंग्लंड आणि वेल्समध्ये कान टोचणाऱ्यांची नोंदणी १९८२ च्या कायद्यात आली, बाकीचं अंग टोचणं २००३ मध्ये. म्हणजे तिथे कान आधी. अमेरिकेत उलटं झालं. अनेक राज्यांनी अंग टोचण्यावर परवाने, तपासणी, प्रशिक्षण अशा अटी घातल्या आणि गनने कान टोचणं त्यातून वगळलं. कर्णफूल एकदाच वापरलं जातं, पाळी मऊ असते, संसर्ग झालाच तर बहुधा किरकोळ, असा या सवलतीच्या बाजूचा युक्तिवाद. पाळीपुरता तो फारसा चूकही नाही. पण कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये लागू झालेल्या कायद्यातली सवलत पाळीपुरती नाही, ती सरसकट ‘कानाला’ आहे. कानाचा वरचा कडक भागही कानच.

त्या भागातल्या कूर्चेत, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या कडक पण लवचीक थरात, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वरच्या पातळ पापुद्र्यातून होतं. तिथे पू झाला आणि पापुद्रा सुटला की कूर्चा मरते आणि कान आक्रसून वेडावाकडा होतो. ऑरेगनमध्ये २००० साली एकाच ठिकाणी कान टोचून घेतलेल्या ११८ जणांची पाहणी झाली. ७ जणांना स्यूडोमोनास जिवाणूचा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं, आणखी १८ जणांबाबत संशय होता. चौघांना रुग्णालयात ठेवावं लागलं. सिद्ध झालेल्या सगळ्या रुग्णांचं वय १० ते १९ होतं आणि सगळ्यांचे कान स्प्रिंगच्या उघड्या गननेच टोचले होते. जिवाणू सापडला कुठे, तर जंतुनाशकाच्याच बाटलीत आणि जवळच्या सिंकमध्ये! बहुतेकांना सुरुवातीला दिलेली प्रतिजैविकं या जिवाणूवर चालणारी नव्हती, त्यात दिवस गेले. ही घटना गनविरोधाचा हुकमी पुरावा ठरली, पण त्यात बाटलीचा दोष निदान गनइतका तरी आहे.

‘गन कूर्चेचा चुरा करते’ हे सुईवाल्यांचं आवडतं वाक्य तर आणखी डळमळीत आहे. २००८ मध्ये मृतदेहांच्या २२ कानांवर गन आणि सुया दोन्ही वापरून पाहण्यात आल्या. इजा जवळपास सारखीच निघाली, दोन्हींत छिद्राभोवतीचा पापुद्रा सुटलेला. म्हणजे गनविरुद्धचा ठोस मुद्दा स्वच्छतेचा आणि दागिन्याचा. तो पुरेसा असताना चुऱ्याची गोष्ट कशाला लागते, कळत नाही. गनच्या कर्णफुलाची दांडी आखूड असते. कान सुजला की फिरकी मांसात रुतते आणि कधी ती काप घेऊन काढावी लागते. सुईने टोचणारा सूज धरून लांब दांडी घालतो आणि नंतर बदलतो.

दागिन्याच्या धातूवर नियम आले ते वेगळ्या वाटेने, निकेलच्या ॲलर्जीमुळे. युरोपीय संघाने १९९४ मध्ये छिद्र भरून येईपर्यंत घालायच्या दांडीत निकेलचं प्रमाण ०.०५ टक्क्यांवर रोखलं. २००४ मध्ये मोजमापच बदललं. धातूत निकेल किती यापेक्षा त्वचेवर किती सुटतं ते पाहायचं ठरलं, आणि मर्यादा आली दर आठवड्याला चौरस सेंटीमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम. त्यामुळे निकेल असलेल्या पण ते घट्ट धरून ठेवणाऱ्या स्टीलला वाट मिळाली. जाणकार स्टुडिओ मात्र टायटॅनियमकडे वळले.

दरम्यान गनही बदलली. आता बंद काडतुसाची, हाताच्या दाबावर चालणारी साधनं मिळतात. कानाला लागणारा त्यांचा सगळा भाग एकदा वापरून फेकायचा असतो, त्यामुळे पुसण्याचा जुना आक्षेप त्यांना लागू होत नाही. आखूड दांडीचा होतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातल्या सवलतीत मात्र साधनासाठी ‘यांत्रिक साधन’ एवढाच शब्द आहे, आणि त्यात हे काडतूसही बसतं, स्पिरिटने पुसलेली जुनी गनही.