बटण दिसतंय, पण दाबलं जात नाही

"पुन्हा एकदा चालवून बघ, होईल पास." वेब सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की ते कुणाला खटकतही नाही. रात्री आपोआप चाललेल्या चारशे टेस्टपैकी, म्हणजे सॉफ्टवेअर नीट चालतंय का हे तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामपैकी, तीन फेल होतात, सकाळी कुणीतरी त्याच तीन पुन्हा चालवतं, तिन्ही पास होतात आणि विषय तिथेच संपतो. अशा टेस्टना 'फ्लेकी' म्हणजे लहरी म्हणायची पद्धत आहे. पण यंत्राला लहर कसली? तोच कोड, तेच पान, आणि उत्तर मात्र वेगळं, याचा अर्थ काहीतरी बदललं होतं. बहुतेक वेळा बदललेला असतो तो दोन घटनांचा क्रम: कोण आधी पोचलं, टेस्टचा क्लिक की पानाची तयारी.

हा प्रकार फक्त छोट्या टीममध्ये होतो असंही नाही. गूगलने २०१६ साली स्वतःची आकडेवारी जाहीर केली होती. त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये कमी-जास्त लहरीपणा होता, आणि पास असलेली टेस्ट फेलकडे वळल्याच्या घटनांपैकी ८४ टक्के घटनांमध्ये लहरी टेस्टचाच हात होता.

ब्राउझर टेस्टिंगची लायब्ररी म्हणजे माणसाच्या जागी बसून ब्राउझर चालवणारा प्रोग्राम. पान उघड, नाव टाइप कर, बटण दाब, 'जतन झाले' दिसतंय का बघ. सेलेनियम हे यातलं सगळ्यात जुनं प्रसिद्ध नाव. ते २००४ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीत जन्माला आलं, आणि पुढे त्यात सामील झालेला वेबड्रायव्हर हा प्रोटोकॉल, म्हणजे ब्राउझरला हुकूम द्यायची ठरलेली पद्धत, २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झाला. गूगलचं पपेटियर २०१७ चं, मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट २०२० चं. इथे उदाहरणं मुख्यतः प्लेराइटची घेतली आहेत, पण दुखणं सगळीकडे एकच आहे.

समजा एका पानावर 'बदल करा' दाबलं की एक खिडकी खालून सरकत वर येते आणि तिच्यात 'जतन करा' हे बटण आहे. सरकण्याला ३०० मिलिसेकंद लागतात. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, आणि खिडकी जागेवर येईपर्यंत अठरा फ्रेम जातात. माणसाला हे जाणवतही नाही. डोळ्याने बटण पाहून हात माउसपर्यंत जाईस्तोवर खिडकी स्थिरावलेली असते. प्रोग्राम मात्र दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेमलाच बटणाचा पत्ता काढतो, 'डावीकडून ६४०, वरून ७००' अशी जागा टिपतो आणि तिथे क्लिक करतो. तेवढ्यात बटण चाळीस पिक्सेल वर सरकलेलं असतं. क्लिक मोकळ्या जागेवर पडतो, टेस्ट 'जतन झाले'ची वाट बघत बसते आणि शेवटी फेल होते. उद्या मशीनवर ताण वेगळा असेल, बटणाचा पत्ता निघायला थोडा उशीर लागेल, आणि तीच टेस्ट पास होईल.

यावरचा जुना उपाय म्हणजे क्लिकच्या आधी तीन सेकंद झोप घालायची. हा उपाय ताईतासारखा आहे. बांधला आणि संकट आलं नाही, म्हणजे ताईतानेच वाचवलं! वेगवान मशीनवर त्यातले २.७ सेकंद फुकट जातात, आणि मशीन फारच दमलेलं असेल तर तीनही पुरत नाहीत. मग कुणीतरी तीनाचे पाच करतं. चारशे टेस्ट, प्रत्येकीत तीन-तीन सेकंदांच्या पाच झोपा, म्हणजे ६,००० सेकंद. एकामागून एक चालवल्या तर शंभर मिनिटं नुसती झोपेत.

खरा उपाय झोपेचा नाही, अटीचा आहे. प्लेराइट क्लिक करण्याआधी स्वतःच चार गोष्टी तपासतं. बटण दिसतंय का, म्हणजे त्याच्या चौकटीला लांबी-रुंदी आहे का आणि ते लपवलेलं नाही ना? ते स्थिर आहे का, म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये चौकट त्याच जागी आहे का? ते चालू आहे का, की 'डिसेबल्ड' आहे? आणि चौथी तपासणी मला सगळ्यात आवडते: ज्या बिंदूवर क्लिक पडणार, तिथे सगळ्यात वर नेमकं कोण आहे? ब्राउझरला असं विचारता येतं. उत्तरात बटण किंवा त्याच्या पोटातलं काही आलं तर ठीक. पण वर पसरलेला पारदर्शक पडदा आला, किंवा कुकीची परवानगी मागणारी पट्टी आली, तर क्लिक तिच्यावर पडणार हे आधीच कळतं. मग लायब्ररी क्लिक रोखते आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासते. चारही अटी जुळल्या की क्लिक, नाहीतर मुदत संपेपर्यंत हेच चक्र.

खिडकीच्या उदाहरणात हे असं घडतं: पाचव्या फ्रेमला बटण दिसतं पण हलतंय, दहाव्यालाही हलतंय, एकोणिसाव्या-विसाव्याला चौकट तीच, आणि क्लिक होतो. वाट पाहिली ती लागली तेवढीच, साडेतीनशे मिलिसेकंदांच्या आसपास.

यात दोन खोड्या आहेत. 'दिसतंय'च्या व्याख्येत अपारदर्शकता धरलेली नाही. शून्य ओपॅसिटीचं बटण लायब्ररीच्या हिशोबी दिसणारंच असतं, माणसाच्या डोळ्याला मात्र ते नसतंच. दुसरी खोडी 'फोर्स' या पर्यायाची. तो दिला की वर कोण बसलंय ही तपासणी होत नाही. अडकलेली टेस्ट झटक्यात पुढे सरकते म्हणून तो सर्रास वापरतात. पण माणसाला जे बटण दाबताच येणार नाही, ते दाबल्याचं नाटक करणारी टेस्ट काय कामाची?

चारही तपासण्या पार करूनही क्लिक वाया जाऊ शकतो, आणि हा सापळा सगळ्यात चिवट आहे. आजकाल पुष्कळ पानं सर्व्हरवरूनच पूर्ण रंगवून येतात. बटण दिसतं, हलत नाही, चालू असतं, वर कुणी नसतं. फक्त 'दाबल्यावर काय करायचं' हे सांगणारी जावास्क्रिप्ट अजून उतरत असते. ती येऊन बटणाला जोडली जाण्याच्या क्रियेला हायड्रेशन म्हणतात. त्याआधी पडलेला क्लिक म्हणजे तारा न जोडलेल्या घंटेचं बटण. लायब्ररीला हे कळायचा मार्ग नाही, कारण बाहेरून सगळं ठीक दिसतं. इथे टेस्ट दुरुस्त करण्यापेक्षा पान दुरुस्त करणं बरं: जोडणी होईपर्यंत बटण डिसेबल्ड ठेवा. मग तिसरी तपासणी आपोआप थांबवेल, आणि संथ नेटवर्कवरच्या खऱ्या वापरकर्त्याचा क्लिकही वाया जाणार नाही.

क्लिकनंतरच्या पडताळणीतही हाच भेद आहे. 'संदेश दिसतोय का' हे दोन तऱ्हांनी विचारता येतं. 'इजव्हिजिबल' ही फोटो काढण्याची तऱ्हा: त्या क्षणी दिसला तर हो, नाहीतर नाही, आणि ती थांबत नाही. 'एक्स्पेक्ट'ला लोकेटर, म्हणजे पानावरची गोष्ट कशी शोधायची याचं वर्णन, देऊन 'टूबीव्हिजिबल' म्हणणं ही पहारा ठेवण्याची तऱ्हा: दिसेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत पुन्हा पुन्हा बघायचं. कोडमध्ये दोन्ही ओळी जवळपास सारख्या दिसतात. फोटोवाली ओळ लिहिली की ती लिहिणाऱ्याच्या मशीनवर पास होते आणि बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे सगळ्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सामायिक मशीनवर, फेल. पहाऱ्याच्या ओळीआधी 'अवेट' हा 'पूर्ण होईपर्यंत थांब' सांगणारा शब्द राहून गेला तर आणखी मजा: पडताळणी पूर्ण व्हायची वाट न बघता टेस्ट पुढे निघून जाते.

मुदतींचे आकडे कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे प्लेराइटच्या सेटिंग्ज लिहायच्या फाइलमध्ये, असतात. काहीच लिहिलं नाही तर अख्ख्या टेस्टला ३० सेकंद, एका पडताळणीला ५ सेकंद, आणि क्लिक किंवा पान उघडण्याला स्वतंत्र मुदतच नाही. म्हणजे एकच अडलेला क्लिक टेस्टचे उरलेले सगळे सेकंद खाऊन टाकू शकतो. म्हणून क्लिकसारख्या क्रियांना १० सेकंद आणि पान उघडण्याला १५ सेकंद अशी वेगळी मुदत घालावी, आतली मुदत बाहेरच्यापेक्षा नेहमी लहान. सेलेनियममध्ये उलटा घोळ होतो. तिथे शोधण्याची सरसकट मुदत, म्हणजे इम्प्लिसिट वेट, मुळात शून्य असते. कुणी ती १० सेकंद केली आणि वर एका ठिकाणी १५ सेकंदांची एक्स्प्लिसिट वेट, म्हणजे एका ठरावीक अटीपुरती मुदतही लावली, तर टेस्ट २० सेकंदांनी फेल होऊ शकते. पहिला शोध १० सेकंद अडून बसतो, तो फसल्यावर घड्याळ बघितलं तर १५ झालेले नाहीत, म्हणून दुसरा शोध सुरू होतो आणि तोही १० सेकंद अडतो. सेलेनियमची माहितीपत्रकंच सांगतात, दोन्ही एकत्र वापरू नका.

आता 'पुन्हा चालवून बघ'चं गणित. कॉन्फिगमध्ये याला 'रिट्राइज' म्हणतात, मूळ किंमत शून्य. प्रत्येक टेस्ट विनाकारण फेल होण्याची शक्यता अर्धा टक्का धरा. चारशेच्या चारशे पास होण्याची शक्यता ०.९९५ चा चारशेवा घात, म्हणजे फक्त १३.५ टक्के. शंभरातल्या ८६ बिल्ड, म्हणजे सगळ्या टेस्टच्या खेपा, लाल (फेल), आणि सॉफ्टवेअरमध्ये दोष एकही नाही. रिट्राइज दोन केले, म्हणजे एकूण तीन प्रयत्न दिले, की हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून ते सगळ्यांना आवडतात. पण दर तीन वेळांमागे एकदा उपटणारा खरा दोष घ्या. तो तिन्ही प्रयत्नांत दिसला तरच बिल्ड लाल होणार, आणि याची शक्यता सत्तावीसात एक. उरलेल्या सव्वीस वेळा बिल्ड हिरवी: अठरा वेळा टेस्ट पहिल्याच प्रयत्नात पास होते, आणि आठ वेळा अहवालात फक्त 'फ्लेकी' असा शिक्का पडतो. तो शिक्का वाचणारं कुणी नसेल तर 'फेल-ऑन-फ्लेकी-टेस्ट्स' हा पर्याय चालू करावा.

टेस्ट का फसली हे शोधायला 'ट्रेस', म्हणजे टेस्टच्या प्रवासाची नोंद, कामी येते. पण रिट्राइज शून्य ठेवून 'ट्रेस'ला 'ऑन-फर्स्ट-रिट्राय' दिलं तर ट्रेस कधीच बनत नाही, कारण पहिला रिट्राय येतच नाही. त्यापेक्षा 'रिटेन-ऑन-फेल्युअर' द्या. ट्रेसमध्ये प्रत्येक पावलाला पान कसं होतं, नेटवर्कवर काय गेलं-आलं, हे सगळं मिळतं.

'माझ्या मशीनवर चालतंय'ची बाकीची कारणं रुक्ष आहेत, पण नेहमीची. बिल्ड सर्व्हरवर टेस्ट बहुधा डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळा ठेवून चालवायच्या बंदिस्त डब्यात, चालतात, आणि त्याला सामायिक मेमरी मुळात ६४ एमबी मिळते. जड पानावर क्रोमला ती अपुरी पडते आणि टॅब कोसळतो, तेव्हा ती वाढवून द्या. कंटेनरमध्ये फॉन्ट नसले की लॅटिनेतर लिप्यांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात आणि स्क्रीनशॉटची तुलना फसते. टाइमझोन कॉन्फिगमध्ये ठरवून दिला नाही तर 'आज' म्हणजे कोणता दिवस यावर दोन मशीनचं एकमत होत नाही. प्लेराइटचं पॅकेज नवं आणि डॉकर इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) जुनी असेल तर ब्राउझरच सापडत नाही, कारण प्रत्येक आवृत्ती ठरावीक ब्राउझर बिल्डशी बांधलेली असते. आणि एकाच वेळी किती टेस्ट चालणार हे ठरवणारे 'वर्कर्स' मुळात प्रोसेसरच्या लॉजिकल कोअरच्या निम्मे असतात. दोन वर्कर एकाच खात्याने लॉगिन करून एकमेकांची नोंद पुसत असतील तर मुदती वाढवून काही होणार नाही. प्रत्येक वर्करला वेगळं खातं लागतं.

एआय टेस्ट आपोआप दुरुस्त करतो, अशी जाहिरात सध्या जोरात आहे. ठरलेलं बटण सापडलं नाही की असं साधन त्याच्यासारखं दिसणारं दुसरं शोधून दाबतं. बटणाचा आयडी बदलला असेल तर ही सोय झाली. पण बटण गायब होणं हाच दोष असेल, तर साधनाने तो झाकला. बटण भूमिका आणि नावावरून शोधलं, म्हणजे 'जतन करा नावाचं बटण' असं सांगितलं, तर आयडी बदलल्याने टेस्टचं काही बिघडत नाही, आणि दुरुस्तीची वेळ मुळातच कमी येते.

एखादी टेस्ट लहरी असल्याचा संशय असेल तर तिला मुद्दाम छळावं. 'रिपीट-ईच' पर्यायाने ती ५० वेळा चालवा, वर्कर वाढवा, क्रोमियममध्ये प्रोसेसरचा वेग चारपट कमी करा. ५० च्या ५० पास झाल्या म्हणून लगेच सुटकेचा श्वास टाकू नका. दोन टक्के वेळा फेल होणारी टेस्ट ५० खेपांत एकदाही न सापडण्याची शक्यता ३६ टक्के आहे. १५० खेपा केल्या तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते.