मेडिकलमधली पिंपल्सची ट्यूब

जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की कुडाळ-कणकवलीच्या मेडिकलांत एक गिऱ्हाईक हमखास दिसतं. ते आधी इकडेतिकडे बघतं आणि मग हळूच म्हणतं, "काका, पिंपल्सची ट्यूब द्या ना." कसले पिंपल्स, कधीपासून, हे काका विचारत नाहीत. जी ट्यूब जास्त खपते ती समोर येते. खोक्याच्या दर्शनी बाजूला काय छापलंय ते सोडून द्या. मागच्या बारीक अक्षरांत औषधाचं नाव काय आहे, ते वाचायचं.

वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. रंध्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं, आत तेल साचतं आणि तिथे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो. त्याला ऑक्सिजन मानवत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड हे औषध नेमका इथेच घाव घालतं: त्वचेत शिरून ते ऑक्सिजन मोकळा करतं आणि जिवाणू मरतात. शिवाय अँटिबायोटिकला जिवाणू सरावतात तसे याला सरावत नाहीत, म्हणून लाल, पू धरलेल्या मुरुमांवर माझं पहिलं मत यालाच. ते अडीच, पाच आणि दहा टक्क्यांत मिळतं. दहा टक्केवालं चौपट गुण देत असेल असं वाटतं, पण तुलना करून पाहिली तेव्हा अडीच टक्क्यांचं जवळपास तितकंच लागू पडलं आणि आग, सोलवटणं कमी झालं. एक मात्र सांभाळा, हे रंग उडवतं. उशीचा अभ्रा पांढरा घ्या, नाहीतर आईची बोलणी ठरलेली.

सॅलिसिलिक ॲसिड जरा सौम्य. ते तेलात विरघळतं, त्यामुळे रंध्रातलं बूच सैल करतं. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवर बरं. पण फेसवॉशमधलं ॲसिड अर्ध्या मिनिटात पाण्याबरोबर मोरीत जातं, त्याच्याकडून फार आशा नको. ॲडापलीन हे अ-जीवनसत्त्वाच्या कुळातलं, नवं बूच बसू न देणारं औषध. अमेरिकेत 2016 पासून ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. गरोदरपणात ते टाळायचं.

यातलं कुठलंही औषध आठवडाभरात चेहरा साफ करत नाही. आज दिसणाऱ्या मुरुमाची सुरुवात त्वचेखाली काही आठवड्यांपूर्वीच झालेली असते. आठ ते बारा आठवडे, तेही फक्त फोडावर टिपका न लावता मुरुम येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर, तेव्हा कुठे फरक कळतो. बहुतेक जण पंधरवड्यात "गुण नाही" म्हणून ट्यूब बदलतात.

आणि बदलून घेतलेली ट्यूब चार दिवसांत चेहरा उजळवत असेल, तर आधी घाबरा. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही आहे का बघा. ही स्टिरॉइडं. सूज झटकन उतरते, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुलींच्या गालावर लव वाढते. लावणं थांबवलं की चेहरा भडकतो आणि मुरुम दुप्पट जोमानं येतात. 2018 च्या मार्चमध्ये सरकारने अशा 14 स्टिरॉइडांची मलमं चिठ्ठीच्या यादीत टाकली. तरी ती काउंटरवरून जातातच.

आपल्या दमट हवेत आणखी एक घोटाळा होतो. कपाळावर, छाती-पाठीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या आल्या, तर त्या बऱ्याचदा मालासेझिया या बुरशीच्या असतात. त्यांना बुरशीचं औषध लागतं. अँटिबायोटिकने त्या उलट वाढतात. आंब्याच्या दिवसांत ओठांभोवती उठतं ते "आंबे बाधले" म्हणून सांगितलं जातं, पण पुष्कळदा तो चिकाचा प्रताप असतो. तिथे पिंपल्सची ट्यूब लावली तर आगीत तेल. खोबरेलातलं लॉरिक आम्ल प्रयोगशाळेत मुरुमाचे जिवाणू मारतं हे खरं, पण तेच तेल चेहऱ्यावर रंध्रं बुजवतं. ते केसांना लावा, कपाळावर ओघळू देऊ नका.

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर ट्यूबचा नाद सोडून त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. खड्डे नंतर भरून काढणं फार अवघड. बाकीच्यांनी बेंझॉइल पेरॉक्साइडची ट्यूब मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत टाकून हिंडू नये. तापलं की त्यातून बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य तयार होऊ शकतं. अशी 95 उत्पादनं तपासल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2025 मध्ये जाहीर केलं. बहुतेकांत ते नगण्य निघालं, मोजकी बाजारातून काढावी लागली. घरातल्या थंड, सावलीच्या फडताळात ती ठीक राहते.