वर्ज्य शब्द आणि पश्तो-इंग्रजी भाषाबदल

शरीरधर्म, प्रसूती, लैंगिक संबंध किंवा घरातील स्त्रिया यांविषयी बोलताना, तसेच शिवी देताना, पश्तो शब्द टाळून इंग्रजी शब्द योजण्याची द्विभाषकांची रीत. पाकिस्तानातील खैबर पख्तुनख्वा प्रांतात, विशेषतः पेशावरच्या सुशिक्षितांत ती दिसते. पेशावर १८४९ मध्ये ब्रिटिश अमलाखाली आले. एडवर्ड्स कॉलेज (१९००) व इस्लामिया कॉलेज (१९१३) त्यानंतरची. त्यामुळे ही रीत विसाव्या शतकापूर्वी फारशी रुजली नसावी.

संकोच मात्र जुना आहे. पश्तूनवालीत, म्हणजे पश्तूनांच्या परंपरागत आचारसंहितेत, ‘नामूस’ म्हणजे घरच्या स्त्रियांची अब्रू. परक्यासमोर पत्नीचे नाव घेणे अनेक घरांत आजही अनुचित मानतात. गरोदर स्त्रीसाठी ‘उमेदवारा’ हा फार्सीतून आलेला सौम्य शब्द आधीपासून आहे. इंग्रजीने या साठ्यात भर घातली, एवढेच म्हणणे रास्त.

वाक्याची चौकट पश्तोचीच राहते. इंग्रजी नाम वा विशेषण ‘कवल’ (करणे) किंवा ‘केदल’ (होणे) या क्रियापदांना जोडले जाते. असा सुटा शब्द भाषाबदल (बोलताना एका भाषेतून दुसरीत जाणे) मानावा की उसनवारी (परका शब्द आपल्या भाषेत सामावून घेणे), हा जुना वाद आहे. भाषाशास्त्रज्ञ शाना पॉपलॅक यजमान भाषेचे (शब्द सामावून घेणाऱ्या भाषेचे) व्याकरण पाळणाऱ्या सुट्या शब्दांना उसनवारीत घालतात. दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञ कॅरल मायर्स-स्कॉटन यांना दोहोंत काटेकोर सीमा आवश्यक वाटत नाही. पश्तोच्या बाबतीत दुसरे मत अधिक सोयीचे दिसते. ‘डिलिव्हरी’सारखा शब्द इंग्रजी न येणाऱ्यांच्याही तोंडी असतो, तर महाविद्यालयीन तरुणाची इंग्रजी शिवी हा उघड भाषाबदल असतो, मधल्या शब्दांना एका खणात कोंबता येत नाही.

कारणांबाबत दोन मते आहेत : इंग्रजीची प्रतिष्ठा आणि भावनिक अंतर, म्हणजे दुसऱ्या भाषेतील शब्द मनाला कमी भिडणे. हाँगकाँगमधील कँटोनीज-इंग्रजी द्विभाषकांना लाजिरवाण्या विषयांवर दुसऱ्या भाषेत बोलणे सोपे जाते, असे बाँड व लाय यांना आढळले (१९८६). तुर्की-इंग्रजी द्विभाषकांच्या त्वचेची विद्युत-प्रतिक्रिया (भावनिक उत्तेजनेचे एक माप) मातृभाषेतील वर्ज्य शब्दांना अधिक तीव्र होती (हॅरिस व सहकारी, २००३). हे पुरावे अन्य भाषांचे असले, तरी दुसऱ्या मताकडे झुकणेच योग्य वाटते. प्रतिष्ठा कोणत्याही विषयात इंग्रजी आणील; नेमक्या लाजेच्या शब्दाशी होणारा बदल तिने उलगडत नाही. दवाखान्यात ‘पीरियड’ म्हणता आल्याने स्त्रीला आपली तक्रार निदान सांगता येते, हे मोलाचे आहे.

ब्रिटनमधील पश्तून कुटुंबांत इतरांना कळू नये म्हणून उलट इंग्रजीकडून पश्तोकडेही वळतात.